एका जुन्या गाडीचे उत्तरायण

उष्ण प्रदेशात वाढलेल्या मोटारीचे खरे चारित्र्य तिच्या मालकाला सहसा कळत नाही, असे माझे मत आहे. आणि सगळी नोकरी हिशेबतपासणीच्या खात्यात, दुसऱ्यांच्या कीर्दी-खतावण्या चाळण्यात झाली असल्यामुळे मते बनविण्याच्या बाबतीत मी घाई करीत नाही. उन्हाळा हा मोठा मुरवतदार अंमलदार आहे. बॅटरी क्षीण झालेली असते, रबर वठलेले असते, नळ्यांना चिरा पडलेल्या असतात, रेडिएटरमध्ये पाण्याची भेसळ कोणत्या सालापासून चालू आहे याची कोठे नोंद नसते. तरीही त्याच्या अंमलाखाली गाडी किल्ली फिरवताच सुरू होते आणि आपण एका निर्दोष यंत्राचे धनी आहोत हा भ्रम मालकाला सुखाने बाळगता येतो. थंडीचा कारभार निराळा. ती नवीन नुकसान फारसे करीत नाही; ती येते, दप्तर मागविते, मागील सर्व सालांची थकबाकी एका पानावर मांडते आणि पहाटेच्या प्रहरी, उणे वीस अंशांत, कचेरीला निघालेल्या माणसाकडून ती एकरकमी वसूल करते.

हे सत्य मला टेक्सास संस्थानातील ऑस्टिन शहरी, माझ्या पुतण्याच्या दारात उलगडले. चिरंजीवांची बदली मिनेसोटा संस्थानातील मिनिआपोलिसला झाली होती आणि त्यांच्या पदरी २००५ सालची, करड्या रंगाची एक टोयोटा करोला होती. फेब्रुवारी २०२१ मधील तो प्रसिद्ध गारठा वगळला, ज्यात टेक्सासमधील लाखो घरांची वीज गेली आणि गाड्या जागच्या हलल्या नाहीत, तर तिने सारे आयुष्य चाळीस अंशांच्या आसपास काढले होते. ज्या गावी ती निघाली होती तेथे जानेवारीतील सामान्य रात्रीचा पारा उणे तेरा-चौदा अंशांवर असतो, आणि त्याच संस्थानाच्या उत्तरेस टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी तो उणे एकावन्न अंशांपर्यंत उतरल्याची अधिकृत नोंद आहे. ही नोंद पुतण्याला मी वाचून दाखविली. तो म्हणाला, “काका, आपण टॉवरला जात नाही आहोत.” पण त्याच संध्याकाळी त्याने कागद-पेन्सिल घेतली.

जुनी गाडी विकून तिकडे नवी घ्यावी, हा विचार त्याला शिवला नाही असे नव्हे. परंतु चालती वस्तू विकणे आमच्या घराण्याच्या रीतीत बसत नाही. आमच्याकडे वस्तू बंद पडल्यावर विकावयाची ठरते आणि तेव्हा ती कोणी घेत नाही. शिवाय सूनबाईंनी, “ह्या गाडीवर मी चालवायला शिकले, तेव्हा हिची विल्हेवाट लावायची असेल तर आधी मला विचारा,” असे निक्षून सांगितल्यामुळे तो प्रश्न मुळातच निकालात निघाला.

मग सल्ल्यांचा काळ सुरू झाला. थंड प्रदेशात स्थायिक झालेला मराठी माणूस आपल्या थंडीचा वतनदार असतो, आणि तिच्यापुढे दुसऱ्याच्या गावची थंडी कधी मान्य करीत नाही. शिकागोच्या गृहस्थांनी आपल्या वाऱ्याचे वर्णन केले. बफेलोच्या गृहस्थांनी वाऱ्याला काडीची किंमत न देता दारापुढील बर्फाची उंची सांगितली. आणि कॅनडातील विनिपेगचे एक जुने स्नेही दोघांचेही म्हणणे शांतपणे ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, की उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एक होतात, त्याच्या अलीकडचे सारे पोरखेळ. सल्ले परस्परविरुद्ध होते हे सांगावयास नकोच. एकाच्या मते सकाळी गाडी पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवावी. दुसऱ्याच्या मते अर्धा-एक मिनिट पुरे, मग हलक्या पायाने चालवीत न्यावी म्हणजे ती चालताचालता तापते; आणि कार्ब्युरेटरचा जमाना संपल्यानंतरच्या गाड्यांपुरते हेच खरे आहे. तिसऱ्याने डिकीत वाळूची पोती टाकण्यास बजावले. हा उपाय ज्या गाड्यांची मागची चाके ओढतात त्यांच्यासाठी योग्य. करोलाची पुढची चाके ओढतात, तेव्हा मागे वजन टाकून पुढचे हलके करण्यात कोणता लाभ, हे विचारल्यावर त्या गृहस्थांनी फोन आपल्या पत्नीकडे दिला.

तपासणीचे पहिले कलम हीटर. टेक्सासात हीटर हा गाडीचा अवयव आहे याचाच लोकांना विसर पडतो. त्याची रचना मोठी काटकसरीची असते: इंजिनाभोवती फिरून तापलेला द्रव डॅशबोर्डामागील एका लहान जाळीतून खेळविला जातो, तिच्यावरून पंखा हवा लोटतो, आणि जी उष्णता एरवी रेडिएटरमधून वाऱ्यावर जावयाची तिचा काही अंश माणसांच्या पायांशी जमा होतो. हा जमाखर्च बरोबर उतरतो की नाही, हे पाहण्याचा एकच मार्ग होता. सप्टेंबरची दुपार, बाहेर सदतीस अंश, गाडीच्या काचा बंद, हीटरचा खटका अखेरच्या खुणेवर, आणि झरोक्यात सूनबाईंनी पाकासाठी घेतलेला तापमापक खोचलेला, अशा थाटात आम्ही हमरस्त्याला लागलो. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही घरी थांबला असतात तरी चाललं असतं.” मी म्हणालो, “अरे, साक्षीदाराशिवाय पंचनामा होत नाही.” शेजारच्या रांगेतील एका गाडीतील लहान मुलीने आमच्याकडे पाहिले, मग आपल्या आईला दाखविले, आईने पाहिले, आणि ती रांग सोडून पलीकडच्या रांगेत गेली. मी सदऱ्याची बटणे काढली होती. पुतण्याच्या चष्म्यावरून घाम ओघळत होता आणि तो पुसण्यासाठी स्टिअरिंगवरचा हात काढावा की दुःख सोसावे, अशा द्विधा मनःस्थितीत तो काट्याकडे पाहत होता. एवढा देह झिजवून निष्पन्न काय झाले, तर झरोक्यातील हवा बाहेरच्या हवेहून थोडीच अधिक उष्ण निघाली आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर येता येता राहिला.

दोष थर्मोस्टॅटचा होता. इंजिन पुरेसे तापेपर्यंत द्रवाला रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही एक लहानशी झडप. ती उघडी राहून अडकली, की द्रव पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये फिरून थंड होत राहतो आणि इंजिन उबेला येत नाही. कारखान्यातील वयोवृद्ध मिस्त्रींनी ती काढून हातावर ठेवली, आणि ही काही आज-कालची गोष्ट नव्हे, चार-पाच वर्षे तरी झाली असतील, असा निर्वाळा दिला. चार-पाच वर्षे! या अवधीत गाडीची नियमाने सर्व्हिसिंग झाली, बिले चुकती झाली, आणि कोणीही तक्रार केली नाही, कारण टेक्सासच्या उन्हात इंजिन थोडे थंड राहत असेल तर त्यात मालकास आनंदच होता. माझ्या खात्यात अशा प्रकरणांस फार मान होता. ज्या चुकीमुळे कोणाचे काही अडत नाही ती सर्वांत जास्त वर्षे जगते.

दुसरे कलम त्या द्रवाचेच. मिस्त्रींनी एक काचेची नळी रेडिएटरमध्ये बुडवून द्रव ओढला, आत तरंगणारा काटा पाहिला, आणि शिट्टी वाजविली. गेली कित्येक वर्षे पातळी उतरली की पुतण्या नळाचे पाणी ओतीत आला होता. परिणामी त्या टाकीत मूळ द्रव नाममात्र आणि नगरपालिकेचा पुरवठा बहुसंख्य, अशी स्थिती झाली होती. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात कोंडलेल्या पाण्याला फुगण्यास जागा न मिळाल्यास ते ठोकळा फोडून जागा करते. तेव्हा हे असेच मिनेसोटात गेले असते तर इंजिनाचा निकाल पहिल्याच कडक रात्री लागला असता. येथे रसायनशास्त्राची एक मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. पाणी शून्य अंशाला गोठते. त्यात मिसळावयाचे इथिलीन ग्लायकॉल निव्वळ असेल तर तेही उणे तेराच्या सुमारास गोठते. परंतु दोन्ही समभागाने एकत्र आणली, की मिश्रण उणे सदतिसापर्यंत दाद देत नाही. म्हणजे एकेकटे राहून जे कोणालाच साधत नाही ते निम्मे-निम्मे झाल्याने साधते. हे मी घरी जेवताना सांगितले. सूनबाईंनी पुतण्याच्या ताटातील भाताकडे, नंतर ओट्यावरील भांड्यांच्या राशीकडे पाहिले आणि “निम्मे-निम्मे, ऐकलंत ना?” एवढेच उद्गार काढले.

बॅटरीच्या बाबतीत मिस्त्रींनी जे सांगितले ते सर्वसामान्य समजुतीच्या नेमके उलट होते. बॅटरी थंडीने मरते असे लोक म्हणतात. वस्तुतः तिला मारतो उन्हाळा. उष्णतेने आतील पट्ट्या गंजतात, पाणी उडून जाते, आयुष्य घटते. पण मृत्यूची वार्ता मात्र हिवाळ्यात फुटते, कारण थंडीत रासायनिक क्रिया मंदावून बॅटरीचे बळ निम्म्यावर येते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलातून इंजिन फिरविण्यास नेहमीहून जास्त जोर लागतो. एकीकडे उत्पन्न घटलेले, दुसरीकडे खर्च वाढलेला. अशा वेळी ताळेबंद कसा जुळावा? बॅटरीवर छापलेला थंडीतील जोराचा आकडा कोणी लक्षपूर्वक वाचत नाही, पण त्यामागची परीक्षा मोठी कडक असते: उणे अठरा अंशांत तीस सेकंद एवढा प्रवाह देत राहावयाचा आणि दाब ७.२ व्होल्टच्या खाली येऊ द्यावयाचा नाही. आमच्या जुन्या बॅटरीला मिस्त्रींनी यंत्र लावले, कागदाची एक लहान चिठ्ठी बाहेर आली, आणि ती त्यांनी पुतण्याच्या हाती न देता माझ्या हाती दिली. वडीलधाऱ्या नातेवाइकास आधी सांगावे, या शिष्टाचाराची मला मौज वाटली.

तेलाचे काम थोडक्यात आटोपले. “जुन्या इंजिनाला जाड तेल चांगले,” असा कोणीतरी दिलेला मंत्र पुतण्या जपत होता. ते काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले ५डब्ल्यू-३० घातले. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी होते. ते उपसून मेथॅनॉल मिसळलेला, उणे एकोणतीस अंशांपर्यंत न गोठणारा निळा द्रव भरला, आणि वायपरची रबरे बदलली. या वायपरचे पेटंट १९०३ साली मेरी अँडरसन या बाईंनी घेतले. त्या होत्या अलाबामाच्या, म्हणजे चांगल्या उबदार मुलुखातल्या. न्यूयॉर्कला हिवाळ्यात ट्रॅममधून जाताना काच दिसेनाशी झाल्यामुळे हैराण झालेला चालक त्यांनी पाहिला आणि घरी परतल्यावर आतून हाताने फिरविता येणारा दांडा योजला. न्यूयॉर्कचे लोक तो त्रास किती हिवाळे मुकाट्याने सोसत आले होते! परक्या मुलखातील माणसास जे खुपते ते रहिवाशास दिसतसुद्धा नाही. बाईंना या शोधातून दमडीही मिळाली नाही, हे ऐकल्यावर सूनबाईंनी वायपरकडे नव्या आदराने पाहिले.

खरी फजिती झाली ती इंजिन तापविण्याच्या विजेच्या यंत्रावरून. उत्तरेकडे गाडीच्या इंजिनात एक लहानसा विजेचा हीटर बसवितात, त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असते, आणि रात्री ती घराच्या प्लगात खुपसली की सकाळी इंजिन कोमट सापडते. विनिपेगमध्ये तर वाहनतळावर गाडीगणिक प्लगाचे खांब असतात. हे यंत्र नॉर्थ डाकोटातील ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी सिद्ध केले आणि १९४९ साली त्याचे पेटंट मिळविले. फ्रीमन हे तेथील ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे व्यवस्थापक होते, आणि आपल्या सभासदांनी रात्रभर वीज खर्चावी अशी वस्तू त्यांनी शोधून काढावी, यात मला सहकाराची अस्सल दूरदृष्टी दिसते. आमच्याकडील साखर कारखान्यांच्या अध्यक्षांनीही या उदाहरणाचा अभ्यास करण्यास हरकत नाही. ऑस्टिनच्या मिस्त्रींपुढे पुतण्याने ही मागणी मांडली तेव्हा ते हातातला पाना खाली ठेवून बराच वेळ विचारात पडले. शेवटी म्हणाले, “साहेब, चाळीस वर्षं मी लोकांची इंजिनं थंड ठेवतोय. गरम करून मागणारे तुम्ही पहिलेच.” ते काम मिनेसोटासाठी तहकूब झाले.

टायरांचेही तेच. सात अंशांच्या खाली सामान्य टायरचे रबर ताठरते आणि रस्त्यावरील त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर निराळ्या मिश्रणाचे असल्याने ते थंडीतही मऊ राहते, आणि त्याच्या अंगावर तीन शिखरांच्या डोंगरात हिमस्फटिक अशी मुद्रा असते. हा शोध फिनलंडचा. १९३४ साली तेथे मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर निघाला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर घालण्याची कायद्याने सक्ती आहे. ऑस्टिनच्या दुकानदाराने मात्र ती मुद्रा केवळ चित्रात पाहिली होती. मागवून देतो म्हणाला. पण येथल्या तापल्या डांबरावर ते मऊ रबर भराभर झिजेल, तेव्हा पुढे जाऊनच घ्या, असा सल्ला त्याने दिला. स्वतःचे गिऱ्हाईक परत पाठविणारा दुकानदार पाहून मला पुण्याची आठवण झाली, फक्त हा हसतमुख होता. पुतण्याचा बेत दोनच टायर घेण्याचा होता, पुढच्या चाकांसाठी. विनिपेगकरांनी तो ऐकताच फोनवरूनच मोडून काढला: पुढची चाके रस्ता धरतील, मागची धरणार नाहीत, आणि वळणावर गाडीचा मागचा भाग पुढच्या भागाच्या आधी पोहोचेल.

प्रवासाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. ऑस्टिनहून पस्तीस क्रमांकाचा महामार्ग धरला, की तोच मिनिआपोलिसला नेतो. मध्ये डॅलस आणि फोर्ट वर्थ या दोन शहरांत तंटा नको म्हणून त्याला पूर्व व पश्चिम असे दोन फाटे फोडले आहेत, ते पुढे एक होतात, आणि मिनिआपोलिस व सेंट पॉल या जोडशहरांपाशी नेमके त्याच कारणासाठी पुन्हा दोन होतात. वाटणीच्या दाव्यात न्यायाधीशांनी जमिनीऐवजी रस्ताच वाटून दिल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. ओक्लाहोमा, कॅन्सस, आयोवा असे मुलूख मागे टाकीत आम्ही ऑक्टोबरात वर चढत असता एका सकाळी डॅशबोर्डावर टायरचा पिवळा दिवा लागला. पुतण्या घाबरून उतरला. चारही चाकांत हवा कमी, छिद्र एकाही चाकात नाही. पारा दर दहा फॅरनहाइट अंश उतरला, की टायरमधील दाब सुमारे एक पौंडाने घटतो. ऑस्टिनच्या दुपारी मोजून भरलेली हवा मिनेसोटाच्या जानेवारीत नऊ-दहा पौंडांनी कमी भरते. अपहार नाही, गळती नाही, चोर नाही, आणि तरीही तूट. अशा एका प्रकरणासाठी मी नोकरीत तीन खुलासे मागविले असते.

मिनेसोटात पोहोचल्यावर गाडीस जो मान मिळाला त्याची आम्हांपैकी कोणालाच कल्पना नव्हती. इंजिनाचा हीटर बसविण्यासाठी तेथील कारखान्यात ती उचलकावर चढविली तेव्हा तिच्याखाली उभा राहिलेला तरुण कारागीर काही बोलेना. त्याने दिवा घेतला, पुढून मागे गेला, परत पुढे आला, मग शेजारच्या खणातील कारागिरास हाक मारली. त्याने तिसऱ्यास. थोड्याच वेळात चार माणसे माना वर करून गाडीचे पोट न्याहाळीत उभी होती. वीस वर्षांची गाडी, आणि गंज नाही! वरून तिचा रंग उन्हाने विटला होता, छपराचा वार्निश सोलवटला होता, पुढच्या दिव्यांना मोतीबिंदू झाला होता. त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. त्या प्रांती गाडीचे सौंदर्य तळाशी मोजतात, आणि दक्षिणेकडून आलेली जुनी गाडी आहे एवढ्यावर तिला भाव येतो. एकाने तर पुतण्याला बाजूला घेऊन, विकायची असल्यास कळवा, असे हळूच सांगितले. चालती वस्तू, आणि गिऱ्हाईक समोर. आमच्या घराण्यात असा योग पूर्वी आला नव्हता. पुतण्याने सूनबाईंकडे पाहिले, आणि गिऱ्हाइकास नकार दिला.

या कौतुकाचे कारण मीठ. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर जे मीठ पसरतात ते पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते खरे, परंतु ते खारे पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटाशी, ब्रेकच्या नळ्यांवर, सांध्यासांध्यांत जाऊन बसते आणि लोखंड खाते. डेट्रॉइट या मोटारींच्या राजधानीखाली अकराशे-बाराशे फूट खोल मिठाची खाण असून तिथले मीठही रस्त्यांवर जाते. म्हणजे ज्या गावाने देशाला गाड्या पुरविल्या त्याच गावाने त्या संपविण्याचीही सोय जमिनीत करून ठेवली आहे. उणे दहाच्या खाली या मिठाचा प्रभाव फारसा पडत नाही, तेव्हा वाळू टाकतात. गाडीवरचे मीठ मात्र तसेच राहते. कारागिरांनी तळाला तेलाचा फवारा मारावा व हिवाळाभर मधूनमधून पोट धुऊन घ्यावे, असे सांगितले. कोकणात ज्यांचे बालपण गेले त्यांना खाऱ्या हवेने खिडक्यांचे गज कसे भुगा होतात हे सांगावयास नको. मी त्या कारागिरास म्हणालो, की समुद्रापासून शेकडो मैल दूर राहून तुम्ही खर्चाने जे मिळविता ते आमच्या रत्नागिरीस फुकट आहे.

डिकीचा सरंजाम हा सूनबाईंचा प्रांत. वाटेत हिमवादळात अडकल्यास गाडीतच थांबावे, निघून चालत जाऊ नये, असा तेथील सरकारचा उपदेश आहे, आणि त्यासाठी घोंगडी, फावडे, बॅटरी जोडावयाच्या तारा, कॉफीच्या रिकाम्या डब्यात मेणबत्ती व काड्यापेटी, आणि खाण्याचे काही जिन्नस ठेवण्यास सांगतात. इंजिन सुरू करण्याआधी धूर जाण्याची नळी बर्फाने बुजली नाही ना हे पाहावे, हा इशारा सूनबाईंनी ठळक अक्षरात लिहून डिकीच्या झाकणाला आतून चिकटविला. जिन्नसांत सरकारने सुकामेवा सुचविला होता; सूनबाईंनी त्यात मेथीचे लाडू घातले, कारण ते गोठले काय आणि न गोठले काय, दातांना फरक कळत नाही, असे पुतण्या म्हणाला. हे त्याने हळू म्हटले, पण पुरेसे हळू नव्हे. चाक घसरू लागल्यास त्याखाली टाकण्यासाठी मांजराच्या विष्ठापात्रातील मातीचे पोते घ्यावे, असेही यादीत होते. ते आणावयास मी दुकानी गेलो. या मातीत भिजून चिकट गोळे होणारी आणि न होणारी असे दोन प्रकार असतात, आणि रस्त्यासाठी दुसरी लागते, असे मी चौकशी करून ठरविले होते. गल्ल्यावरील बाईंनी मोठ्या आपुलकीने मांजराचे वय विचारले. मांजर नाही, असे मी सांगितले. पोते फिरवून त्यांनी पैसे घेतले, परंतु त्यानंतर त्या माझ्याशी फार सांभाळून वागल्या.

एवढे झाल्यावर गाडी सिद्ध झाली, असे मानावयास हरकत नव्हती. पण गाडी उभी कोठे करावी हा प्रश्न राहिला होता, आणि घराला गॅरेज नव्हते. मिनिआपोलिसमध्ये मोठा बर्फ पडला की नगरपालिका हिम-आणीबाणी पुकारते. पहिल्या रात्री नऊपासून सकाळी आठपर्यंत मुख्य बर्फमार्गांवर दोन्ही बाजूंस गाडी उभी करावयाची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत इतर रस्त्यांवर सम क्रमांकाच्या घरांच्या बाजूस नाही. तिसऱ्या दिवशी विषम क्रमांकाच्या बाजूस नाही. नियम मोडल्यास दंड होतो आणि गाडी उचलून नेतात. हे पत्रक वाचून पुतण्या हतबुद्ध झाला. शेजारचे गृहस्थ तीन पिढ्यांचे मिनेसोटावासी. त्यांनी कुंपणापाशी उभे राहून आम्हांला या नियमांवर सविस्तर व्याख्यान दिले, आणि उष्ण देशांतून आलेल्या लोकांना हे अंगवळणी पडण्यास दोन-तीन हिवाळे जातात, असा दिलासाही दिला. मी काही बोललो नाही. पुण्यात पी-वन आणि पी-टू अशा पाट्यांखाली, सम तारखेस ही बाजू आणि विषम तारखेस ती, असा व्यवहार मी बारा महिने आणि तेही पाऊस-उन्हात केला होता. येथे तारखेच्या जागी घराचा क्रमांक एवढाच फरक. गाडी हलविण्याचे खाते मी त्याच दिवशी माझ्याकडे घेतले, म्हणजे वेळ झाली की मी सांगावयाचे आणि पुतण्याने कोट चढवून हलवावयाचे.

डिसेंबरात पहिली आणीबाणी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी सात वाजता मी पुतण्याला उठविले. इंजिन कोमट होते, बॅटरीने पहिल्या फेरीतच दाद दिली, आणि साडेसातच्या आत करोला समोरच्या विषम बाजूला जाऊन उभी राहिली. साडेनवाच्या सुमारास शेजारचे गृहस्थ हातात बर्फाचा ब्रश घेऊन बाहेर आले. आपल्या घरापुढे, म्हणजे सम बाजूस, जेथे रात्री त्यांची गाडी होती तेथे आता साफ केलेला रस्ता होता. बराच वेळ ते त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. मग रस्त्यापलीकडे आमच्या गाडीकडे. मग खिडकीत चहा घेत बसलेल्या माझ्याकडे. मी दार उघडले.

“तुम्ही मूळचे कुठले म्हणालात?” त्यांनी विचारले.

“पुण्याचा. सदाशिव पेठेतला.”

“तिथं बर्फ फार पडतो?”

“बर्फ पडत नाही,” मी म्हणालो, “पण गाड्या उचलतात.”